बागेखालची माणसं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



समितीनं आम्हाला बोलायला सांगितलं आणि विषय आमच्यावर सोडला. दरवर्षी या दिवशी आपण धम्मावर ऐकतो, बाबासाहेबांच्या कार्यावर ऐकतो. आज आम्ही आपल्या वस्तीमागच्या बागेवर बोलणार आहोत. कुणी म्हणेल, हा काय वर्धापनदिनाचा विषय झाला? थोडं ऐकून घ्या.

गेल्या पावसाळ्यात आपल्यातलाच एक सहा-सात वर्षांचा मुलगा त्या बागेत खेळून आला आणि रात्री तापानं फणफणला. सकाळी नळावर चर्चा सुरू. 'तिन्हीसांजेचा तिथं गेला होता म्हणे. जागा चांगली नाही ती. कशावर तरी पाय पडला असंल.' मग मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. कुणीतरी कुठल्यातरी बाबाकडून अंगारा आणला. बागेच्या फाटकाला लिंबू-मिरची लटकली. तिसऱ्या दिवशी पोराच्या अंगावर लाल पुरळ आलं तेव्हा कुठं त्याला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पोरगं वाचलं, आता धडधाकट आहे, आत्ता इथंच मागं बसून खोड्या करतंय. पण ते तीन दिवस फुकट गेले आणि तीन दिवसांत काहीही झालं असतं.

लिंबू कुणी बांधलं ते आम्हाला माहीत आहे. नाव घेणार नाही. ज्या घरातून ते गेलं त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि शेजारी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. आम्ही त्या बाईला बोल लावत नाही. लेकराचा ताप चढला की आईचं डोकं थाऱ्यावर राहत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याही घरात पूर्वी हे प्रकार झालेले आहेत.

आता त्या बागेची गोष्ट. तरुण मुलांना ठाऊक नसेल, पण बाग होण्याआधी तिथं पुरायची जागा होती. आपली जुनी माणसं तिला मसणवटाच म्हणायची. मोठी माणसं तिथं फारशी नव्हती, त्यांना आपण सरणावर द्यायचो. तिथं असायची ती बेवारस प्रेतं आणि लहान लेकरं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या काळी दवाखाना लांब, पोरं गोवरानं जायची, जुलाबानं जायची. या वस्तीतल्या जुन्या घरांपैकी असं घर क्वचितच असेल, ज्यातलं एखादं मूल त्या जागेत नाही. पुढं जागा बंद पडली, झाडोरा माजला, रात्री दारूवाले बसू लागले. मग आपल्यापैकी कितीजणांनी अर्ज-विनंत्या केल्या, मोर्चा नेला, तेव्हा तिथं बाग झाली. झोपाळे आले, घसरगुंडी आली, म्हाताऱ्यांना बसायला बाकडी आली. एक कारंजंही बांधलं. ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं ते शेवटचं. त्याच्या हौदात पावसाचं पाणी साठून राहतं. त्यात काय वळवळतं ते जाऊन बघा. पोराला धरलं ते त्यानं. लिंबू बांधायचंच होतं तर हौदाला तरी बांधायचं होतं!

भीतीची गोष्ट निघाली म्हणून एक प्रसंग सांगतो. आपल्या सर्वांना अनाथपिंडिक ठाऊक आहे. श्रावस्तीचा सावकार, खरं नाव सुदत्त. जेतवन दान दिलं म्हणून आपण त्याचं नाव घेतो. पण भगवंतांची आणि त्याची पहिली भेट कुठं झाली, हे फार कमी जण सांगतात. ती झाली राजगृहाबाहेरच्या सीतवनात. आणि सीतवन हा होता मसणवटा. सुदत्त राजगृहाला आपल्या मेहुण्याकडं गेला होता. उद्या बुद्ध जेवायला येणार म्हणून त्या घरात मोठी धांदल चाललेली. ते ऐकून त्याला रात्रभर झोप लागेना. तीनदा उठला, उजाडलं असं समजून. शेवटी काळोखातच निघाला. वेशीबाहेर पडल्यावर त्याला भीती वाटू लागली, अंगावर काटा आला, परत फिरावंसं वाटलं. ग्रंथात लिहिलंय की एका यक्षानं त्याला धीर दिला. यक्षाचं आपण बाजूला ठेवू. माणसाच्या मनातूनच कधी कधी असा आवाज येतो. महत्त्वाचं हे की तो घाबरला आणि तरी चालत राहिला. पुढं त्या स्मशानात भगवंत पहाटेच्या वेळी मोकळ्यावर फेऱ्या घालत होते. त्यांनी त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारली.

आता बघा, ज्या माणसाला धम्म मसणवट्यात भेटला, त्यानंच पुढं राजपुत्र जेताची बाग नाण्यांनी झाकून विकत घेतली आणि संघाला दिली. भिक्खू स्मशानात राहायचे. तिथं टाकलेल्या चिंध्या धुऊन, शिवून त्यांची चीवरं व्हायची, पांसुकूल म्हणतात ते हेच. आम्ही कापडगिरणीत आयुष्य काढलेली माणसं. कापड कुठून येतं आणि कुठं जातं हे आम्हाला कळतं. प्रेतावरच्या कापडाचा अर्थ तर आमच्या वाडवडिलांना जास्तच कळत होता. गावात कुणी मेलं की परगावी सांगावा घेऊन जायचं महारानं, लाकडं वाहायची महारानं, आणि प्रेतावरचं कापड हा त्याचा हक्क. हक्क म्हणायचे त्याला! भिक्खूनं ते कापड स्वतःहून उचललं, आमच्या आज्यावर ते लादलं गेलं. कापड एकच, पण त्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि त्याच गावात स्वतःचं माणूस न्यायला मात्र महाराला वेगळा मसणवटा, तोही ओढ्यापलीकडं, पावसाळ्यात जिथं पोचता येत नाही असा. आजही कितीतरी गावांत आपल्या माणसाची अंत्ययात्रा अडवली जाते, स्मशानाच्या वाटेसाठी भांडावं लागतं. तेव्हा मसणवटा ही आपल्या दृष्टीनं भुताखेतांची जागा नाही. आपल्याला तिथं सुद्धा कुठं ठेवलं, याचा तो हिशेब आहे.

तर ही लिंबाची गोष्ट झाल्यावर आमच्या मनात आलं, मसणवट्यावर बाग करणारे जगात आपणच का? आमचं शिक्षण बेताचं, इंग्रजी अडखळत वाचतो. मुलीला म्हटलं, तू वाच, आम्ही वहीत उतरवून घेतो. महिनाभर रात्री हा उद्योग चालला. आणि जी माहिती मिळाली ती ऐकून आम्ही थक्क झालो.

लंडनमध्ये १८८४ साली कायदाच झाला की बंद पडलेल्या दफनभूमीवर इमारत बांधायची नाही. त्यामुळं तिथल्या कितीतरी जुन्या दफनभूमी आज बागा आहेत, दुपारच्या सुट्टीत माणसं तिथं बसून डबा खातात. आपल्या मुंबईत उलटं झालं. शिवडीला पूर्वी वनस्पतींची मोठी बाग होती. १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा गोऱ्यांच्या दफनासाठी घेतली. आणि त्याच सुमाराला भायखळ्याला राणीची बाग उभी राहिली. आपण पोरांना हत्ती दाखवायला नेत होतो ती. म्हणजे बागेचा मसणवटा होतो आणि मसणवट्याची बाग होते. जमीन काही तक्रार करत नाही.

पण आम्हाला सगळ्यात जास्त हलवून गेली ती न्यूयॉर्कची बाग. बाबासाहेब १९१३ साली ज्या शहरात शिकायला गेले, तेच हे शहर. तिथं वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची एक बाग आहे. मोठी संगमरवरी कमान, कारंजं, त्याच्याभोवती विद्यार्थी बसलेले, कुणी बुद्धिबळ खेळतंय, कुणी वाजवतंय. जगभरातून लोक बघायला येतात. आणि त्या हिरवळीखाली अंदाजे वीस हजार माणसं पुरलेली आहेत.

ती जागा १७९७ साली शहरानं विकत घेतली, गरिबांना आणि बेवारसांना पुरण्यासाठी. त्या वर्षांत न्यूयॉर्कला पिवळ्या तापाच्या साथी येत होत्या. ज्यांच्याकडं पैसा होता ते गाव सोडून पळाले, गरीब मेले. शहराला जवळ नको म्हणून त्यांना बाहेर नेऊन पुरलं, आणि ते बाहेर म्हणजे ही जागा. १८२५ ला दफन बंद केलं. लगेच पुढच्या वर्षी, ४ जुलै १८२६ ला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, तिथं लष्कराच्या कवायतीचं मैदान झालं. मग बाग. मग बागेभोवती श्रीमंतांची घरं. प्रेतं काही कुणी हलवली नाहीत. वर माती टाकली, गवत लावलं, झालं. शंभर-दोनशे वर्षांत जेव्हा जेव्हा खणलं तेव्हा ती माणसं वर आली. १८९० च्या सुमाराला कमानीचा पाया खणताना हाडं सापडली. २००९ साली बाग दुरुस्त करताना एक थडग्याचा दगड सापडला. जेम्स जॅक्सन नावाचा आयर्लंडचा माणूस, १७९९ ला मेला, वय वर्षे अठ्ठावीस. वीस हजारांत ज्यांची नावं दगडावर राहिली त्यांतला हा एक. बाकीच्यांना दगड कुठला?

इथं मुलीनं एक प्रश्न विचारला. 'बाबा, पिवळा ताप कशानं होतो माहितीय का?' आम्हाला माहीत नव्हतं. तो डासानं होतो. आणि कुठल्या डासानं, तर डेंग्यू पसरवणाऱ्या त्याच एडिस जातीच्या डासानं! त्या काळी डॉक्टरांना सुद्धा हे माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं हवा खराब आहे, कुणी म्हणायचं देवाचा कोप आहे. कार्लोस फिन्ले नावाच्या क्युबातल्या डॉक्टरनं १८८१ साली सांगितलं की हे काम डासाचं आहे, तेव्हा लोकांनी त्याला हसण्यावारी नेलं. १९०० साली ते प्रयोगानं सिद्ध झालं. म्हणजे तिथली माणसं अज्ञानात मेली, तो त्यांचा दोष नव्हता. आपल्याला मात्र डास माहीत आहे, आशाताई घरोघर येऊन सांगून जातात, टाक्या बघून जातात, तरी आपण लिंबू बांधतो.

त्या बागेची गोष्ट याच्याही मागं जाते. १६४० नंतरच्या काळात तिथं डच कंपनीचं राज्य होतं. कंपनीनं आफ्रिकेतून आणलेल्या काही गुलामांना त्या भागात जमिनी दिल्या आणि अर्धं स्वातंत्र्य दिलं. अर्धं कसं? तर दरवर्षी धान्य आणि एक डुक्कर कंपनीला द्यायचं, बोलावलं की कामाला यायचं, आणि पोटची मुलं मात्र कंपनीची गुलामच राहायची. हे वाचताना आम्हाला महार वतनाची आठवण झाली. तुकडाभर जमीन द्यायची आणि त्या बदल्यात साऱ्या घराची मान जोखडात अडकवायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल मांडलं ते यासाठीच. आपलेच काही लोक तेव्हा म्हणत होते, जमीन जाईल. जोखड जाईल हे त्यांना दिसत नव्हतं. असो, तो वेगळा विषय आहे.

त्याच शहरात काळ्या लोकांची एक दफनभूमी होती. १६९७ साली मोठ्या चर्चनं ठरवलं की आमच्या आवारात काळ्यांना पुरायचं नाही. मग ते लोक गावाबाहेर आपली माणसं पुरू लागले. त्यातही कायदे. अंधार पडल्यावर पुरायचं नाही. मयताला बारापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. दिवसभर मालकाकडं राबणाऱ्या माणसानं अंधाराआधी आपल्या लेकराला माती कधी द्यायची, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलं नाही. पुढं १७९० च्या दशकात ती जागा बंद झाली, वर भराव घातला, इमारती उठल्या, आणि साऱ्या शहराला विसर पडला. १९९१ साली सरकारी कचेरीसाठी पाया खणताना सांगाडे निघाले. एक नाही, दोन नाही, चारशेच्या वर. आणि त्यात लहान मुलांचे किती तरी.

तेव्हा तिथल्या काळ्या लोकांनी काय केलं? ते घाबरून लांब पळाले नाहीत. रस्त्यावर उतरले. म्हणाले, ही आमची माणसं आहेत, बुलडोझर थांबवा. सभा झाल्या, निदर्शनं झाली, प्रकरण अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेलं. काम थांबलं. हाडांचा अभ्यास काळ्या लोकांच्याच हॉवर्ड विद्यापीठात झाला. लहान वयात मानेवर, पाठीवर किती ओझी वाहिली, खायला काय मिळत होतं, हे सगळं त्या हाडांनी सांगितलं. २००३ साली त्यांना सन्मानानं पुन्हा त्याच जागी पुरलं. २००७ मध्ये तिथं स्मारक खुलं झालं. वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत सापडलेली हाडंसुद्धा २०२१ साली लाकडी पेटीत ठेवून बागेतच परत पुरली आणि वर कोरलेला दगड ठेवला. मुलं खेळतातच आहेत. बागेला कुणी कुलूप लावलं नाही.

याच लोकांच्या लढ्याकडं बाबासाहेबांचं लक्ष होतं. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे मोठे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडं तुमच्या लोकांनी जो अर्ज केलाय त्याची प्रत मिळेल का, अशी विचारणा केली होती. तेव्हा न्यूयॉर्कची गोष्ट आम्ही उगाच लांबून ओढून आणत नाही.

आणखी एक, गिरणीकामगार म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या बागेच्या पूर्वेला एका गल्लीवर कपडे शिवायचा कारखाना होता. २५ मार्च १९११ ला तिथं आग लागली. आतल्या कामगारांतल्या बहुतेक तरुण मुली, परदेशातून पोटासाठी आलेल्या. कामगार मधेच बाहेर जातील, कापड चोरतील म्हणून दाराला कुलूप होतं. १४६ जण मेले, कितीतरी मुलींनी नवव्या मजल्यावरून उड्या मारल्या. ज्यांनी खात्यात काम केलंय त्यांना बंद दार म्हणजे काय ते सांगायला नको. त्यानंतर तिथं कामगारांच्या सुरक्षिततेचे कायदे झाले. १४६ जणांची नावं आता त्या इमारतीवर आहेत, पण ती लागायला २०२३ साल उजाडलं. शंभर वर्षांवर काळ लागला. पण लागली.

आपल्या डोळ्यांसमोरचंही एक उदाहरण आहे. दादरची चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांना अग्नी दिला ती जागा समुद्राकाठचं स्मशानच होती. भय्यासाहेबांनी तिथं स्तूप उभा करण्यासाठी जिवाचं रान केलं, आणि १९७१ च्या डिसेंबरात तो उभा राहिला. आपण ६ डिसेंबरला कडेवर लेकरं घेऊन तिथं जातो. रात्री उघड्यावर झोपतो. तिथं कधी कुणाला बाधा झाल्याचं ऐकलंय का? मग आपल्या मागच्या बागेत काय वेगळं आहे?

वेगळं एवढंच की तिथं कोण आहे हे आपण कुणाला सांगितलं नाही. फाटकावर उद्घाटन करणाऱ्यांची नावं आहेत, खर्चाचा आकडा आहे, फुलं तोडू नयेत असं लिहिलंय. खाली माणसं आहेत हे कुठंच लिहिलेलं नाही. जे सांगितलं जात नाही त्याचं मग भूत होतं.

आमच्या आईचं सांगतो आणि थांबतो. आमच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, तो नऊ दिवसांचा गेला. वडिलांनी त्याला त्या जागेत नेऊन पुरला, कडुनिंबाजवळ. बायकांनी जायची रीत नव्हती. आईनं ती जागा कधी पाहिली नाही, नुसतं ऐकलेलं. बाजारातून येताना त्या कुंपणापाशी ती पदर डोक्यावरून घ्यायची आणि चाल कमी करायची. का, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बाग झाल्यावर आम्हीच हौसेनं म्हटलं, चल, बसायला बाकडी केलीत. ती दोन वर्षं आली नाही. आम्हाला वाटलं भिते. एक दिवस आपणहून म्हणाली, निंब तोडला का ठेवला तेवढं बघून ये. निंब होता. अजून आहे, घसरगुंडीच्या बाजूला, पोरं त्याच्या खोडाला दप्तरं अडकवतात. दुसऱ्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायची, शेवटचं आजारपण येईपर्यंत. पोरांचा चेंडू आला की पायानं ढकलून द्यायची. आम्ही ज्याला भीती समजत होतो ती भीती नव्हती.

आता कामाचं. कारंजाचा हौद बुजवून द्यावा किंवा चालू तरी करावा, यासाठी अर्ज तयार आहे. आपल्या पोरांनी पुढच्या आठवड्यात तो हौद उपसून, घासून कोरडा करायचं ठरवलंय. परवानगीची वाट बघत बसलो तर दुसरा पावसाळा येईल. दुसरा अर्ज पाटीचा आहे. या जागी पूर्वी दफनभूमी होती, येथे गोरगरिबांची मुले आणि बेवारस माणसे पुरली आहेत, एवढ्या दोन ओळी. दोन्ही अर्ज टेबलावर ठेवलेत, सह्या करून जा. अंगठा चालेल.

आणि एक वही घातली आहे. ज्यांच्या घरातलं कुणी तिथं आहे त्यांनी येऊन लिहायचं. नाव, वय, कशानं गेलं, आठवत असेल तर साल. म्हाताऱ्या बायांना जास्त माहिती आहे, त्यांना सुनांनी घेऊन यावं. रविवारी वंदनेनंतर आमची मुलगी इथं बसेल, ती लिहून घेईल. पहिली ओळ आम्ही लिहिली आहे. भावाचं बारसं व्हायचं राहिलं होतं, म्हणून नावाच्या जागी 'मुलगा' असं लिहिलं आणि पुढं आईचं नाव लिहिलं.

वही चिटणिसांकडं आहे. जय भीम.